पुढे किती लागेल

निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकले. टेबलावरचा तो जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आताशा फार रेंगाळायचा, तरी नव्या मॉडेलची वाट पाहत मी थांबले. अखेर ते आलं, तेव्हा नवऱ्याबरोबर दुकानात गेले.

"यात नंतर मेमरी वाढवता येईल ना?" मी विचारलं.

"नाही मॅडम. आत्ता घ्याल तेवढीच राहणार," विक्रेती म्हणाली.

पुढे आपल्याला किती लागेल, हे साठीनंतर कुणी कसं सांगावं? हात किती वर्षं चालेल, डोळे कुठवर साथ देतील? मी सगळ्यांत कमी मेमरीच्या मॉडेलकडे बोट दाखवलं.

"जास्तीची घेऊ," हे शांतपणे म्हणाले. "तू आत्ता कुठे सुरुवात केली आहेस."