ढेपेच्या पोत्याचा दोरा

आमच्या घरात कागद दोन कामांसाठी यायचा. एक वडिलांच्या पत्रकांसाठी, दुसरा आईच्या वह्यांसाठी. वडील शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. धामणगाव बढ्याच्या आमच्या घरात पलंगाखाली, माळ्यावर, अगदी देव्हाऱ्यामागेसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असायचे. अंकलिपीच्या आधी मी ती वाचली. आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द 'बंधूंनो' हा आहे. यात बहिणींना का बोलावलं नाही, असं मी वडिलांना विचारलं, आणि पुढच्या पत्रकात त्यांनी 'बंधू-भगिनींनो' छापलं. तेव्हापासून माझी खात्री झाली की छापलेल्या कागदानं जग हलतं.

आईच्या वह्यांबद्दल मला असं काही वाटत नव्हतं. तो तिचा उन्हाळ्यातला उद्योग होता, कुरड्या-पापडांसारखा.

शाळेचं वर्ष संपलं की ती गल्लीतून मुलांच्या जुन्या वह्या मागून आणायची. तिला अर्ध्याच्या आत थांबलेली वही हवी असायची, कारण मग टाचण्या उचकटल्या की मधली जोडपानं अखंड कोरी निघतात. चित्रकला आणि कार्यानुभवाच्या वह्या यात सगळ्यात उदार. कमी पडलं तर बाजारातल्या सगळ्यात स्वस्त, पिवळसर कागदाच्या वह्या आणून ती त्याही उसवायची. मग एकरेघी पानं वेगळी, चौकटीची वेगळी, कोरी वेगळी. पाच-सहा जोडपानं एकात एक घातली की एक घडी झाली. बांधणीवाले तिला जुज म्हणतात. आईचं माहेर मेहकरचं, आणि लग्नाआधी दोन वर्षं ती तिथल्या एका बांधणीवाल्याकडे पानं मोडायला जायची, म्हणून तीही जुज म्हणायची.

दोरा तिनं कधी विकत आणला नाही. सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, पोत्याचं तोंड ज्या पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं असतं, तो नेमक्या टोकाला धरून ओढला तर एका दमात सरसर निघून येतो. चुकीच्या टोकाला धरला तर गाठ बसते आणि कात्री लागते. आईला ते टोक न बघता सापडायचं. गल्लीतल्या म्हशीवाल्या घरांमधून ती पोती सोडून द्यायची आणि मजुरी म्हणून दोरा घ्यायची. त्यावर मेणबत्ती घासायची, पाटावर जुज ठेवून दाभणानं घडीवर पाच भोकं पाडायची आणि शिवायला बसायची. एक जुज संपला की दुसरा त्यावर ठेवायचा आणि वळताना दोरा खालच्या टाक्यात अडकवून घ्यायचा. पुठ्ठा साडीच्या नाहीतर बिस्किटाच्या खोक्याचा, त्याला मैद्याची खळ, पाठीवर कपड्याची पट्टी, आणि पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून पत्रक. सगळं झालं की वही वरवंट्याच्या पाट्याखाली दिवसभर दाबून.

पत्रक ती उलटं चिकटवायची. अक्षरं पुठ्ठ्याकडे, कोरी बाजू वर.

"हे माझं पत्रक आहे," मी एकदा म्हटलं होतं. कॉलेज संपवून मी गावी परतले होते आणि पत्रकं आता मीही लिहू लागले होते.

"हाव, माहीत हाय," आई म्हणाली. "कागद चांगला जाड हाय त्याचा."

त्याच वर्षी आमच्या समोरच्या काकीनं दहावीला बसायचं ठरवलं.

काकी म्हणजे समोरच्या घरातली भाजीवाली. विहिरीजवळच्या तुकड्यात ती आणि काका मेथी, वांगी, कोथिंबीर काढतात आणि बाजाराच्या दिवशी काकी दुकान मांडून बसते. तिची मुलगी दहावी होऊन अकरावीचा फॉर्म आमच्या ओट्यावर बसून भरत होती. 'आईचं शिक्षण' असा रकाना आला. पोरीनं लिहिलं, 'नववी नापास'. शाळा मध्येच सोडलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे सरसकट नापास म्हणतात, तसं तिनं लिहिलं. काकी मागे मेथी निवडत उभी होती. तिनं ते वाचलं.

"काय लिहिलं वं हे?"

"नववी नापास. मंग काय लिहू?"

"मी नापास कवा झाली? मले उठोलं शाळेतून. पेपरच देऊ देला नाही. पेपराच्या आठ दिवस आधी हळद लावली मले." तिनं जुडी खाली आपटली. "वर्गात तिसरी होती मी. इचार तुह्या मामाले."

पोरगी रडवेली झाली. फॉर्मवर खाडाखोड चालत नव्हती, त्यामुळे तो शब्द तसाच गेला.

मी पेटले. त्या दुपारी मी एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि लगेच छापायला दिलं. मुलींना शाळेतून उठवणारे नापास आहेत, मुली नाहीत, असा त्याचा मथळा होता. आजही मला ते पटतं. काकीनं मात्र पत्रकाची वाट पाहिली नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो हे विचारून आली. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. संध्याकाळी ती आईकडे आली आणि म्हणाली, "वैनी, सहा वह्या शिवून दे मले. दुकानातल्या नको. त्याले एक हात धराले लागते अन् एक लिहाले. मंग जुडी कोन बांधन?"

हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. जुजाची वही उघडली की सपाट पडते. कोणी धरायला लागत नाही. ज्याचे दोन्ही हात कामात आहेत त्याच्यासाठी ती वही आहे. आईला हे अर्थातच माहीत होतं.

जाताना काकी दारात थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "वैनी, एक भेव वाटते. आतापरेंत तो शब्द खोटा होता. आता बसली अन् पडली, तं खरा होईन."

आई म्हणाली, "वह्या परवा घेऊन जा."

वह्या शिवताना मी आईच्या शेजारी बसले. खळ शिजत होती. आईनं डब्यातून निळ्या खड्याची चिमूट काढली. मोरचूद. मेहकरचे बांधणीवाले खळीत घालतात, कसर लागू नये म्हणून.

मी तिचा हात धरला. फवारणी करताना माणसं विषानं आडवी होतात, तोंडाला बांधायला साधं फडकंसुद्धा मालक देत नाहीत, यावर मी त्या महिन्यात गावोगाव बोलत होते. आणि माझ्याच घरात, ज्या वहीवर एक बाई भाजीच्या हातानं लिहिणार, त्या वहीत विष? मी बरंच बोलले. कंपन्यांवर बोलले, बाजारावर बोलले, परंपरेच्या नावाखाली चालणाऱ्या सगळ्यावर बोलले. आईनं शेवटपर्यंत ऐकलं, चिमूट परत डब्यात टाकली आणि खळ तशीच लावली. मला फार बरं वाटलं.

त्या पावसाळ्यापासून काकीचं दुकान बघायला मी मुद्दाम बाजारात जायचे. तरटावर मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि तिच्या मांडीसमोर उघडी वही. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून कोपऱ्यावर एक वांगं. हात जुडी बांधत असायचे, ओठ हलत असायचे.

"काकू, मेथी कशी देली?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"थांब. वजा बी, अधिक-वजा... वर्गमुळात बी वर्ग... दहाले."

"आता कलेक्टर होतं काय म्हातारपनी?" शेजारचा कांदेवाला म्हणाला.

"होतो ना. तू पहिले मेथी घे, मंग सई देतो," काकी म्हणाली, आणि भोवतीचे सगळे हसले. कांदेवालाही हसला. पुढच्या बाजारी तोच तिला इंग्रजी शब्दांची यादी धरून विचारत होता आणि चुकली की तिच्यापुढे ठेवलेल्या कांद्यांतला एक काढून घेत होता. बरोबर आलं की परत. संध्याकाळी कांद्याचा ढीग कुणाकडे आहे यावरून अभ्यास कळायचा.

मी सभा पाहिल्या आहेत, मोर्चे पाहिले आहेत. पण त्या तरटावरच्या उघड्या वहीइतकं धीट काही पाहिलेलं मला आठवत नाही. चार माणसांत बसून, ज्यांना आपण रोज भाजी विकतो त्यांच्यासमोर, न येणारं गणित पुन्हापुन्हा करणं. मला ते जमलं नसतं. मी न येणारी गोष्ट लपवते.

परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा काकी दुपारची धावत आली. पदरात गणिताची वही. वहीच्या पाठीवरचा कपडा सुटून लोंबत होता, पुठ्ठा वेगळा, आणि पुठ्ठ्याच्या आतून चांदीसारखी एक बारीक कसर सळकन पळाली.

"वैनी, पाह्य ना वं! पेटीत ठेवली होती. इतिहासाचीबी अशीच झाली. आता काय करू? सारी गणितं यातच हायेत."

कुणी विचारायच्या आत मीच म्हटलं, "काकी, चूक माझी आहे. मी मोरचूद घालू दिला नाही."

काकीला मोरचूद काय, कशाला, हे काही माहीत नव्हतं. ती आईकडे बघत होती.

आईनं वही हातात घेतली. लोंबणारा कपडा टरकन ओढून काढला. काकी ओरडली. मग आईनं दोन्ही पुठ्ठे काढले, आणि उघडी पडलेली वही पहिल्या पानाच्या कोपऱ्याला धरून हवेत उचलली. हलवली. एकही पान पडलं नाही. पाठीवर पाच ओळींत पांढरे टाके होते, एकमेकांत अडकलेले, जसे मे महिन्यात घातले होते तसे.

"खळ कवराले असते," आई म्हणाली. "पानाले नसते. कसर खळ खाते. दोरा काऊन खाईन?"

काकीनं पानं उलटून पाहिली. कडा काही ठिकाणी कुरतडल्या होत्या, पण गणितं जागेवर होती. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

आई चुलीकडे गेली. मला म्हणाली, "लिंबाचा पाला आन चार डगाळे. पान्यात उकळ, त्या पान्यात खळ शिजव. लय कडू होते. कसर तोंड नाही लावत."

मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"हाव."

"मग तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठं? तू तं भाषण देल्लं."

काकी रडता रडता हसली. मला हसू आलं नाही, राग आला, आणि अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी मोडताना लक्षात आलं की राग कुणाचा तेही नीट सांगता येत नाही. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. खळीत विष नको, हे मी आजही म्हणेन. पण मी आईला थांबवलं, आणि मग काय घालायचं हे विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची सवय पत्रकाला नव्हती.

मी परत आले तेव्हा काकीच्या हातात सुटलेल्या पुठ्ठ्याचं अस्तर होतं. खळ खाल्ली गेल्यानं पत्रक सुटं झालं होतं आणि छापलेली बाजू वर आली होती. मुलींना उठवण्यावरचं माझं पत्रक. ती ते बोट ठेवून वाचत होती.

"हे तू लिहेलं हाय?"

"हो."

"चांगलं हाय. पन एवढं लांब वाक्य? मधात श्वास घ्याले जागाच नाही. मराठीच्या पेपरात असं लिहिलं तं मॅडम मार्क कापतीन."

आई पाठ करून खळ ढवळत होती. तिचे खांदे हलत होते.

मोताळ्याच्या केंद्रावर काकीनं सगळे पेपर दिले. निकाल लागला त्या दिवशी दुपारी मी मोबाइलवर तिचा नंबर टाकला. काका, पोरगी, कांदेवाला, सगळे ओट्यावर. पाच विषयांत पास. गणितात सहा मार्क कमी.

पोरीनं काकीच्या खांद्यावर हात ठेवला. मला फक्त ती दारातली संध्याकाळ आठवत होती, आणि मी मनात काहीतरी धीराचं जुळवत होते. ते सगळं पत्रकासारखंच होत होतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

काकीनं मोबाइल हातात घेतला, आकडा नीट पाहिला.

"आधीचं नापास खोटं होतं," ती म्हणाली. "ते लोकाईनं देलं होतं. हे माह्यं हाय. पेपर देऊन झाली मी." मग पोरीकडे वळली. "जुलैत परत हाय ना वं परीक्षा? गणिताचीच देवा लागते ना फक्त?"

"हो, आई."

"मंग बस. वैनी, एक वही. चौकटीची. जाड शिव."

आता जून आहे. वही काल शिवून झाली. या वेळी जुज मी मोडले, भोकं आईनं पाडली, आणि शेवटच्या दोन जुजांचे टाके तिनं मला घालू दिले. माझे टाके वाकडे आहेत, ते ओळखू येतात. दोऱ्यासाठी मी ढेपेचं पोतं सोडायला बसले आणि तीनदा चुकीचं टोक धरलं. चौथ्यांदा आईला विचारलं.

"डावीकून," ती म्हणाली.

अस्तराला कोणतं पत्रक लावायचं म्हणून मी माळ्यावरून गठ्ठा काढला. काकी ओट्यावर वांगी पुसत बसली होती. तिनं तिकडूनच सांगितलं, "कोनतंबी लाव, पोरी. पन कोरी बाजू वर ठेव. मले सूत्रं लिहाची हायेत."

मी पत्रक उलटं केलं आणि त्याला कडू खळ लावली.