पहिला पेला

तहान असो वा नसो, माझ्या आत्याला रोज संध्याकाळी गल्लीतल्या हापशावर जाऊन सगळ्यांच्या देखत एक पेला पाणी प्यावं लागायचं. ती प्यायल्याशिवाय कुणी बादली पुढे सरकवत नसे. तिला ताप असो, घसा धरलेला असो, दारात पाहुणे ताटकळत असोत, गल्लीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कामावरून येऊन तिनं चपला काढायच्या आत कुणीतरी ओरडायचंच, "चल गं, पी लवकर, उशीर होतोय!"

हे लचांड तिनं स्वतःच गळ्यात बांधून घेतलं होतं, हे मी कबूल करते. गल्लीच्या वर, चढावर, शहराचा नवा कचरा डेपो होणार असं ठरलं तेव्हा सभेत नुसता गदारोळ झाला. हापसा उताराला, म्हणजे वरची घाण झिरपून आमच्याच पाण्यात उतरणार, ही लोकांची भीती काही उगाच नव्हती. जुन्या डेपोनं दुसऱ्या टोकाच्या वस्तीचं तेच केलं होतं. उघड्यावर ढीग, ढिगाला सतत आग, आणि विहिरींना असा वास की जनावरं तोंड लावत नसत. आत्याची त्या नव्या डेपोवर नुकतीच नोकरी ठरली होती. ती उठून म्हणाली, "पाणी खराब होणार नाही. मी तिथं उभी असणार आहे. रोज आधी मी पिईन, मग तुम्ही भरा."

"रोज म्हणजे रोज हं," समोरच्या घरातली काकू लगेच म्हणाली. झालं. डेपो सुरू झाला त्या दिवसापासून काकूनं तिला एकही सुट्टी दिली नाही. हापशासमोर दाराबाहेर काकूची हिरवी लोखंडी खाट असायची आणि त्या खाटेवरून ती सगळ्या गल्लीचा कारभार हाकायची. अलीकडे ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसे, पण तोंड तेच.

आत्याचं काम ऐकायला सोपं. गाडी रिकामी होताना बाजूला उभं राहायचं आणि जे आत जाऊ नये ते दिसलं की ओरडायचं, "थांबा!" दिवसभर थांबा, थांबा. ड्रायव्हर तिला थांबाबाई म्हणत, आणि ते काही लाडानं नव्हे.

डेपोवरचा पहिला खड्डा कचऱ्यानं भरत आला तेव्हा मी एकदा हट्टानं तिच्याबरोबर शेजारचा नवा खड्डा बघायला गेले होते. अख्खी गल्ली आत मावेल एवढा तो होता, आणि आमच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. तळाला चिकणमाती दाबून दाबून दगडासारखी केलेली, तिच्यावर जाड काळं प्लास्टिक, त्याचे सांधे वितळवून जोडलेले आणि हवा भरून तपासलेले. त्यावर घोंगडीसारखं कापड, मग खडी. खडीत भोकं पाडलेले पाइप होते. कचऱ्यातून निथळणारं काळं पाणी त्यातून एका टाकीत जातं आणि तिथून शुद्धीकरणाला. "आणि कुजून जो गॅस होतो तो?" मी विचारलं. तोही नळांनी ओढून घेतात, त्यावरच डेपोचे दिवे जळतात, असं ती म्हणाली. रोज काम संपताना दिवसभराच्या कचऱ्यावर मातीचा थर टाकतात, म्हणून माश्या नाहीत, आग नाही. बाहेर चारी बाजूंना बोअर आहेत, त्यातलं पाणी तपासत राहतात.

"मग तू कशाला हवीस?" मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. नव्या खड्ड्यातला पहिला थर मऊच लागतो, हे तिनं मला मग सांगितलं. फक्त घरगुती कचरा, कागद, चिंध्या, सालं. वरून लोखंडी दातेरी चाकांचं यंत्र फिरतं, त्याच्या वजनाखाली एखादी सळई उभी सापडली तर खडी, कापड, प्लास्टिक सगळं पार करून जाते. मग त्या भोकातून वर्षानुवर्षं काय उतरतं ते कुणाला दिसत नाही, आणि दिसेल तेव्हा वर डोंगर झालेला असतो. पहिला थर पुरा होईपर्यंत तिला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागे. आणि लोक कचऱ्यात काय टाकत नाहीत ते विचारा. पंख्याची पाती, सायकलचं हँडल, पडद्यांचे गज. ओलं, सुकं, लोखंड वेगळं ठेवा, असं ती गल्लीत घसा फोडून सांगायची. ऐकतंय कोण! सगळे माना डोलवायचे आणि पुन्हा एकाच पिशवीत सगळं कोंबायचे. तिच्या जागी मी असते तर केव्हाच हात टेकले असते.

मग एक दिवस दुपार कलताना एक गाडी रिकामी झाली आणि गाद्यांच्या कापसात आत्याला लोखंडाचं टोक दिसलं. ती "थांबा!" म्हणून ओरडली, हात हलवले, पळाली. यंत्रावरच्या माणसाला आवाजात काही ऐकू गेलं नाही. चाक त्यावरून गेलं आणि टोक दिसेनासं झालं.

सुपरवायझर आला, कपाळाला हात लावून उभा राहिला. "अहो मावशी, खाली केवढे थर आहेत. एका सळईनं काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही हो साहेब. खाली पाणी आहे."

"हातानं उकरावं लागेल. यंत्राचे दात लागले तर तेच प्लास्टिक फाडतील. बाहेर गाड्यांची रांग बघा. जुना खड्डा भरलाय. शहराचा कचरा काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

"थोडा वेळ लागेल, बस."

"उद्या बघू."

उद्या त्यावर नवा थर चढणार, मग कुणी बघणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो चांगला माणूस होता, पण रांगेनं तो पिचला होता. आत्या त्या जागेवर कचऱ्यात वरच्यावर एक काठी खोचून, पाय आपटत खाली आली.

हापशावर सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी. मीही होते. आत्यानं पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि तशीच थांबली. मग तिनं सगळं पाणी जमिनीवर ओतलं.

एकच कल्ला झाला. काकू खुर्चीतून उठलीच. "बघा! मी म्हणत नव्हते? नासलं ना पाणी?"

"पाणी चांगलं आहे," आत्या म्हणाली. "वर एक सळई आत गेलीय. ती आज पाणी नासवत नाही, आणखी काही वर्षांनी नासवेल."

"मग आज पी ना! माझ्या घरात थेंब नाही."

"मी प्यायले की तुम्ही बादल्या भरून घरी जाल," आत्या म्हणाली. "आणि ती सळई कायमची आत राहील. मला एकटीला कुणी विचारत नाही वर. रोज तुमच्यासाठी घसा फोडते, तुम्ही ऐकत नाही, ते ऐकत नाहीत. मग मी कशाला पिऊ?"

मला इतका राग आला होता की सगळ्यांच्या बादल्या लाथाडाव्याशा वाटत होत्या. पण पहिली निघाली ती काकूच. "चला गं," ती म्हणाली, "कोण उकरत नाही ते बघतेच मी." आणि रिकाम्या बादल्यांसकट सगळी गल्ली तिच्यामागून चढ चढू लागली.

फाटकाशी काकूनं जो तोंडाचा पट्टा सोडला त्यापुढे सुपरवायझरचं काही चालेना. त्यानं गाड्या थांबवल्या, चार माणसं आणि फावडी दिली. आम्ही कुंपणाबाहेर जाळीला नाक लावून उभ्या. आत्या काठीशी ओणवी होऊन "हळू, हळू" करत होती. कापूस निघाला, चिंध्या निघाल्या, आणि खडीत तिरका घुसलेला गज निघाला. आत्यानं खडी हातानं बाजूला केली, खालच्या कापडावरून तळवा फिरवला. कापड दबलं होतं, फाटलं नव्हतं. ती तिथंच खाली बसली.

मग तो गज घेऊन ती जाळीशी आली. लांब, वाकलेला, हिरव्या रंगाचा. एका टोकाला चिंधी गुंडाळून गाठ मारलेली. ती गाठ गल्लीतल्या प्रत्येकीनं पाहिलेली होती. खाटेचा हा गज लटपटू लागला तेव्हा काकूनंच ती आमच्यासमोर बांधली होती.

"खाट मोडली होती," काकू हळूच म्हणाली. "त्या भंगारवाल्याशी माझं भांडण झालंय. मग कुठं टाकू?"

आत्या चिडली की ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही. गज खांद्यावर टाकून ती उतार उतरली, तो काकूच्या दाराशी भिंतीला टेकवला, हापसा मारला आणि पेला काठोकाठ भरून काकूपुढे धरला.

"आज तू पी आधी."

"मी? मी कशाला?" काकू मागे सरली. "मला काय माहीत वर आत काय काय गेलंय!"

"मला तरी कुठं माहीत असतं?" आत्या म्हणाली.

काकूनं पेला घेतला. दोन्ही हातांत धरून ती त्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. दिवे लागायची वेळ झाली होती, चढ चढून सगळ्यांचे पाय दुखत होते, घरी भांडी कोरडी होती. मागून कुणीतरी ओरडलं, "पी ना गं लवकर, उशीर होतोय!"