सुगंधाबाईची तिसरी परीक्षा

सुगंधाबाई माझ्या वर्गात दोनदा नापास झाली, आणि नापास करणारा मीच. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं छोटं कौलारू चर्च आहे. तिथं पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याआधी, बेचाळीस प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. प्रश्नांची वही माझी, अक्षरही माझंच. निवृत्त मास्तराला दुसरं कौतुक ते काय असणार?

बाई पन्नाशीची. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पण परीक्षा राहिली ती राहिलीच. दर ईस्टरला नवरा करमसिंग आणि दोन्ही सुना ती भाकर घ्यायला पुढं जायचे, ही मागं चटईवर एकटी. एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बठ्ठा जातस, मास्तर. माले बी जानं शे." सगळे जातात, तिलाही जायचं होतं; मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

"देव सर्वज्ञ आहे म्हणजे काय?" असं विचारलं की ती माझ्याकडे काळजीनं बघायची, जणू मलाच बरं नाही.

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमका मोहाच्या हंगामात आला. पहाटे फुलं वेचून ती टोपलीसकट वर्गाला यायची, आणि वर्ग सुटला की रिकाम्या चर्चमध्ये तासभर बसून राहायची. मला वाटायचं, डुलकी काढते. एके दिवशी विचारलंच.

"काय मागतेस एवढं?"

"काही नही."

"मग प्रार्थना म्हणतेस?"

"नही. बठस."

"नुसती बसतेस?"

"मोहना झाडले कोनी हलावस का, मास्तर? खालनी जागा झाडनी, नि बठनं. फूल आपोआप पडस. मंग येचनं."

मोहाखाली जागा झाडून बसणं अभ्यासक्रमात नाही, असं मी तिला बजावलं. पण मनात खुटखुट राहिली. दुसऱ्या दिवशी कुणी नाहीसं पाहून मीही बसून बघितलं. पाच मिनिटांत वेदीवरचं तिरकं कापड सरळ केलं, फुटकी कौलं मोजली आणि त्रेचाळिसावा प्रश्न तयार केला. मग उठलो.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी धुळ्याहून फादर आले. परीक्षा ते स्वतः घेणार होते. सुगंधाबाई चटईवर, शेजारी वही घेऊन मी.

"देव कसा आहे, बाई?"

बाई काळजीनं माझ्याकडे बघू लागली. मी डोळ्यांनी खुणा केल्या, ओठ हलवले. शाळेत असं करणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो. फादरांनी ते पाहिलं.

"बरं, मास्तर, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. सर्वज्ञ, सर्वव्यापी, सर्वशक्तिमान, पोटप्रश्नांसकट सगळं. फादर शांतपणे ऐकत होते.

"हे वहीतलं झालं. तुम्हाला तो कसा वाटतो?"

मी वही चाळली; हा प्रश्न तिच्यात नव्हताच. वीस वर्षं लोकांना देव शिकवला, पण त्याच्यापाशी एकदाही निवांत बसलो नव्हतो. खूप लाज वाटली. एकेक शब्द चाचपत होतो, तेवढ्यात सुगंधाबाई माझ्याकडे झुकली. नापास होऊ घातलेल्या सोबत्याला सांगावं तसं हळूच म्हणाली, "हलाऊ नका, मास्तर. चूप बठा. पडी आपोआप."

फादरांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "ईस्टरला पुढं या, बाई," म्हणाले. माझी वही मात्र जरा बघतो म्हणून घेऊन गेले. अजून परत आलेली नाही.

ईस्टरला सुगंधाबाई करमसिंगच्या मागोमाग पुढं गेली. भाकर घेऊन परत आली तेव्हा तिच्या हातांना मोहाचा वास होता आणि गाल ओले. चटईवर बसली, मग जरा सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली.

मी बसलो. समोर वेदीवरचं कापड पुन्हा तिरकं झालं होतं. ते तसंच राहू दिलं.