ज्ञानदाला न मिळालेलं व्हिटॅमिन

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी मंडळींत ज्ञानदा सोहोनीला कोणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिच्यावर जे ओढवलं ते नशिबानं नाही, लोकांनी तिचं ऐकलं नाही म्हणून ओढवलं.

ज्ञानदा अमरावतीची. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायला ती मिशिगनला आली, सत्यजितशी लग्न झालं आणि ती इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात न्यूट्रिशन शिकवू लागली. तिचं पहिलं लेक्चर कायम काझिमिर फुंकवर असायचं. वॉर्सात जन्मलेल्या या पोलिश शास्त्रज्ञानं कबुतरांना नुसता पॉलिश केलेला तांदूळ खाऊ घातला, तेव्हा ती लुळी पडली. मग तांदळाच्या कोंड्याचा अर्क दिला, तर सावरली. अन्नात अगदी कणभर लागणाऱ्या, पण नसल्या तर जीव घेणाऱ्या अशा गोष्टींना १९१२ मध्ये त्यानं 'व्हिटॅमिन' हे नाव दिलं. ज्ञानदा हे रंगवून सांगायची आणि मुलं ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. इमर्जन्सीत नेलं की ग्लुकोजचं सलाईन लावायचे आणि घरी पाठवायचे. असे कित्येक आठवडे गेले, तेव्हा कुठे ॲडमिट केलं.

"सलाईनच्या आधी मला थायमिन द्या, बी-वन," तिनं डॉक्टरांना सांगितलं. "माझ्या पोटात काहीच राहत नाहीये."

"गरोदरपणातली व्हिटॅमिनची गोळी घेताय ना? मग झालं."

"ती गोळी पण उलटून पडते, डॉक्टर."

डॉक्टर हसले. इंटरनेटवर फार वाचू नका, म्हणाले. ती काय शिकवते हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं तेव्हा ते दाराबाहेर पोचले होते.

ग्लुकोज तसंच लावलं. बी-वन संपलेल्या शरीरात नुसती साखर ओतली, तर उरलंसुरलंही ती जाळायलाच खर्च होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदाला एकाच्या जागी दोन सत्यजित दिसू लागले. बाथरूमला जाताना तिचा तोल गेला. डिहायड्रेशन आहे, असं सांगण्यात आलं. दुपारी सत्यजितचा मला फोन आला.

"चैत्राली, ती विचारतेय, आपण अमरावतीला कधी आलो."

मी ड्राइव्ह करत तशीच हॉस्पिटल गाठलं. न्यूरॉलॉजिस्ट आल्याशिवाय हलणार नाही, असं सांगून आम्ही दोघं नर्सच्या काउंटरपाशी उभे राहिलो. शेवटी न्यूरॉलॉजिस्ट आल्या, एक वयस्कर डॉक्टरबाई. त्यांनी ज्ञानदाचे डोळे पाहिले, बी-वन संपल्यानं मेंदूला इजा होतेय म्हणाल्या आणि लगेच शिरेतून थायमिन द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिची नजर सरळ झाली. पाय मात्र पुरते सावरले नाहीत.

नैना सुखरूप जन्मली. पण तिला कडेवर घेऊन ज्ञानदा स्वतःच्याच घराचा जिना चढू शकत नाही. ती काठी घेऊन चालते आणि विद्यार्थ्यांची नावं विसरते. झाल्या प्रकाराच्या चौकशीसाठी हॉस्पिटलनं मीटिंग घेतली, तिथं त्यांच्या माणसानं 'रेअर कॉम्प्लिकेशन' असा शब्द वापरला.

"मी हे पहिल्या सेमिस्टरच्या मुलांना शिकवते," ज्ञानदा म्हणाली. "त्यातलं कोणीही तुम्हाला सांगू शकलं असतं. आणि मी तर तुमच्याच बेडवर पडून सांगत होते."

पुढं त्या वॉर्डात नियम बदलला. आता जास्त उलट्या होणाऱ्या बाईला आधी थायमिन देतात, मग ग्लुकोज. तिची माफी मात्र कोणी मागितली नाही.

या वसंतात हॉस्पिटलनं तिला नव्या नर्सेसपुढे बोलायला बोलावलं. विषय दिला होता, 'एका पेशंटचा प्रेरणादायी प्रवास'.

"सोडून दे ना आता," सत्यजित म्हणाला.

"का सोडू?"

तिनं विषय बदलून 'पेशंट सांगतो ते ऐका' असा करून घेतला आणि खुर्चीत बसून तासभर बोलली. तिला हसलेले ते डॉक्टर त्या दिवशी ड्यूटीवर होते. हॉलकडे फिरकले नाहीत.