गुरुत्वाकर्षण सैल करायचा उद्योग

विश्व नुसतं फुगत नाही, फुगण्याचा वेगही वाढतो आहे. आणि तो का वाढतो, हे कुणालाच नीट माहीत नाही. बहुतेकांनी या अज्ञानाला ‘कृष्ण ऊर्जा’ असं भारदस्त नाव देऊन टाकलं आहे. मला ते पहिल्यापासून खटकायचं. नवी ऊर्जा कशाला आणायची? फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणच जरा सैल पडत असेल. राहात्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने इथेच थांबून चहा घ्यायला हवा होता. मी मात्र या विषयावर पीएच.डी.ला विद्यार्थिनी घेतली.

ती श्रीगोंद्याची, ऊसवाल्या घरातली. ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायची. प्रबंध पुरा झाला तर तिला सीनिअरला अर्ज करता येणार होता, आणि मुदतवाढ आता शेवटची होती. राहाता आणि श्रीगोंदा ही जिल्ह्याची दोन टोकं, म्हणून आम्ही दर दुसऱ्या रविवारी नगरला स्टँडसमोरच्या रसवंतीत भेटायचो. टेबल चिकट, चरकाचा आवाज कानात, आणि मधे पसरलेली समीकरणं. काम वाटून घेतलं होतं. गुरुत्वाकर्षणात आम्ही जे नवं क्षेत्र, म्हणजे फील्ड, घातलं होतं त्याचं गणित माझ्याकडे, विश्वाच्या फुगण्याचं तिच्याकडे. “माझा भाग तपासत बसू नकोस,” असं मी तिला ऐटीत सांगून ठेवलं होतं.

दोन्ही भाग जोडले आणि काय सांगू, विश्व धावायला लागलं! कृष्ण ऊर्जा शून्य, तरी वेग वाढतोय. आम्ही लेख नेटवर टाकला, एका संशोधनपत्रिकेकडेही धाडला. परीक्षकांचं उत्तर येण्याआधीच मी पेढे वाटले. देवळाच्या सभामंडपात व्याख्यान दिलं, फुगा फुगवून दाखवला. मागून एकाने विचारलं, सगळंच फुगतंय तर आमचा बांध का सरकत न्हाई? मी म्हणालो, जवळच्या गोष्टी एकमेकींना धरून असतात, त्या फुगत नाहीत; तुमचा बांध सरकलाच तर शेजाऱ्याला विचारा. काय हशा पिकला. बायको तेवढी हसली नाही. घरी येताना म्हणाली, “अजून छापून आलं नाही ना?”

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असताना मला रसवंतीत तातडीने बोलावणं आलं. ती आधीच येऊन बसली होती आणि रस तसाच पडून होता. प्रबंधाच्या पहिल्या पानावर चिन्हांचा संकेत लिहायचा असतो. अंतराच्या सूत्रात काळाला उणे आणि जागेला अधिक धरायचं, किंवा उलट. दोन्ही चालतं, फक्त एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळावं लागतं. ते एक वाक्य लिहिण्यासाठी तिने माझा भाग उघडला होता. माझ्या गुरूंनी काळाला अधिक शिकवलं, मी पंचवीस वर्षं तेच फळ्यावर लिहीत आलो. ती नव्या पद्धतीने शिकलेली, काळाला उणे धरणारी. आम्ही दोन अर्धी गणितं तशीच एकमेकांना चिकटवली होती. चिन्ह सुधारल्यावर गुरुत्वाकर्षण सैल होण्याऐवजी आवळत होतं आणि विश्वाचा वेग कमी होत होता. तीन वर्षं आम्ही एका चुकीवर आनंदाने बसलो होतो.

मी चिडलो. आधी तिच्यावर, मग गुरूंवर, मग विश्वावर. पुढचे दहा दिवस मी समीकरणात एकेक पद वाढवत होतो. एक वाढवलं की दुसरीकडे फाटायचं. कॉलेजात विद्यार्थ्यांवर खेकसलो, घरी भाजीवर. दहाव्या दिवशी फोनवर तिला म्हणालो, एक वाट सापडली आहे, अजून दोन पदं घातली की जुळतंय, सहा महिने दे.

ती म्हणाली, “सर, पदं वाढवत गेलो तर काहीबी जुळंल. त्यात विश्व न्हाई राहणार, आपली हौस राहील. आणि मला सहा महिने न्हाईत.”

एरवी माझ्याशी ती पुस्तकी मराठी बोलायची.

पुढच्या रविवारी तिने नवा शेवटचा अध्याय आणला. आमच्यासारखे सिद्धांत वेग का वाढवू शकत नाहीत, हे तिने चिन्हं सांभाळून दाखवलं होतं. वाट बंद आहे, एवढंच. पण ती का बंद आहे ते पक्कं. वाचताना मला राग येत होता, कारण ते माझ्या तीन वर्षांच्या कामापेक्षा चांगलं होतं. सोबत लेख मागे घेण्याचं पत्रही होतं. त्यात लिहिलं होतं, ‘आमच्याकडून चिन्हांची चूक झाली.’

मी ‘आमच्याकडून’ खोडून ‘पहिल्या लेखकाकडून’ लिहिलं. पहिला लेखक मी. नाव पुढे घालायचा आग्रहही माझाच होता. आता जरा नाट्यमय बोलावं, म्हणून मी घसा खाकरला.

“सर, सही करा आधी,” ती कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली. “बाइंडिंगवाला रविवारी दोनलाच बंद करतो.”

मी सही केली. विश्व का धावतंय, ते मला अजून माहीत नाही.