आहेराच्या कापडाचे चार शर्ट

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्याकडे दोनच पँटी होत्या, आणि दोन्ही खाकी. अप्पा धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या पँटी उसवून, कंबर आवळून आई मला घालायला द्यायची. कॉलेजच्या फाटकात पोरं ओरडायची, "ए कंडक्टर, ओंद धारवाड कोडप्पा!" एक धारवाड दे बाबा. मीही तिकीट फाडल्यासारखं करून हसायचो. आत काय व्हायचं ते घरी कधी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? कारखाना वर्षातले तीन-तीन महिने बंद असायचा, आणि हुबळीत उणकलच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा दोन्ही वेळचं जेवण म्हणजे भाकरी आणि शेंगाचटणी.

माझ्या अक्काचे यजमान, आमचे दाजी, केशवापुरात घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायचे. ते गेल्या महिन्यात गेले. हे वाक्य मी चौथ्यांदा लिहितोय, तीनदा खोडलं. अजून पन्नाशीही नव्हती. आदल्या संध्याकाळीच फोनवर म्हणाले होते, "रविवारी ये रे, पँट सैल करून देतो. खुर्चीत बसून पोट सुटलंय तुझं." आणि सकाळी मी ऑफिसला निघताना अक्काचा फोन... "उठत नाहीत रे. हलवलं, तरी उठत नाहीत." मी फोन ठेवला आणि शर्टची राहिलेली बटणं लावली. पट्टा बांधला, भांग पाडला, बूट पुसले. का, ते आजही सांगता येत नाही. त्या वेशात केशवापुरात पोचलो तर दारातल्या गर्दीनं मला वाट करून दिली. एक म्हातारी लोकांना बाजूला सारत म्हणाली, "डॉक्टर बंद्रु, बिडरी, बिडरी." डॉक्टर आले, जाऊ द्या त्यांना. मी आत गेलो. दाजी भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखे होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

ज्या कपड्यांमुळे लोकांनी मला वाट दिली, ते घालायला मला दाजींनीच शिकवलं होतं. पदवी हातात आली आणि हुबळीतल्या एका विमा कंपनीत नोकरी लागली, पण कच्ची. सहा महिने बघणार, मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. पत्रात लिहिलं होतं, फॉर्मल कपड्यांत यावं. मधे आठ दिवस होते. कपडे घ्यायला घरात पैसा नव्हता, म्हणून आईनं ट्रंक उघडली. आमच्यात लग्नाला पाहुण्यांना शर्टपीस-पँटपीसचा आहेर करतात, आणि ते कापड कुणी शिवत नाही. पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला देऊन टाकतात. आईकडे असे वीसेक तुकडे होते. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणाकडून आला त्याची. चुकून ज्याचा त्यालाच परत जायला नको. तिनं त्यातला सगळ्यात झगझगीत तुकडा उचलला. खरं सांगतो, मलाही तोच आवडला होता.

माप घ्यायला आलेल्या दाजींनी तो उजेडात धरला. "हे घालून गेलास तर साहेब विचारेल, बँडवाले बाकीचे कुठायत?" मग आईकडे वळले, "मामी, ट्रंक सगळी पालथी करा."

"सगळी? आणि पुढच्या महिन्यात गंगूवन्संच्या पोरीचं लग्न आहे, तिथं काय देऊ? माझं डोस्कं?"

"पोरगं नोकरीत टिकलं तर विकत आणून द्या. नाही टिकलं तर आहेच की, फिरवा जन्मभर."

आईनं ट्रंक पालथी केली. मग स्वतःच एकेक टाचणी काढू लागली. दाजी जमिनीवर मांडी घालून बसले. कापड चिमटीत चोळायचे, कडेचा एक धागा ओढून काडीवर जाळायचे. राख झाली तर सुती, टणक गोळी झाली तर बाजूला. शेवटी पांढरा, फिका निळा, बारीक रेघांचा आणि सायीच्या रंगाचा असे चार शर्ट निघाले; एक करडी पँट, एक गडद निळी. "कुठलाही शर्ट कुठल्याही पँटीवर चालला पाहिजे. नाही चालला तर तो आपला नव्हे," म्हणाले. कापायच्या आधी त्यांनी सगळं कापड पाण्यात भिजवून वाळवलं, नाहीतर दुसऱ्या धुण्याला बाह्या वर जातात. शिलाई घेतली नाही. उलट दम भरला, "एकच पँट लागोपाठ दोन दिवस घातलीस तर बघ. आणि बूट काळा, पट्टा काळा. शहाणपणा करून लाल आणू नको."

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "काय राव, घरचं कापडदुकान आहे काय?" पण गंगूआत्याच्या पोरीच्या लग्नात पेच झाला. तिनं माझी बाही धरली आणि मांडवात ओरडली, "अगं बाई, हे तर माझं कापड!" आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि आत्या? तिनं चार बायकांना हाका मारल्या. "माझा आहेर अंगावर घालून पोरगं आपिसात जातंय, बघा तरी!" दाजी पंगतीत बसून पोट धरून हसत होते. तेव्हापासून आमच्या नात्यात आहेर घ्यायच्या आधी दाजींना फोन जायचा, ऑफिसात चालेल असं कापड कुठलं म्हणून. आता लग्नसराई आली आहे. परवा एकानं तोच प्रश्न विचारायला त्यांच्या नंबरावर फोन केला. अक्कानं उचलला...

मागच्या आठवड्यात लोकांचे कपडे परत द्यायचे म्हणून अक्कानं पुढची खोली उघडली. तिथं मापांच्या जुन्या वह्या होत्या. मी माझं पान शोधलं. दाजी कन्नडमध्ये लिहायचे. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. वर नावाच्या जागी माझं नावच नाही. लिहिलंय, 'साहेबरु', म्हणजे साहेब. आणि तारीख मी कामावर जायच्या सहा दिवस आधीची. मी मशीनपुढच्या स्टुलावर बसून राहिलो. अक्का म्हणाली चहा घे. घेतला असेन.

ते कच्चे सहा महिने सरल्यावर कंपनीनं मला कायम केलं होतं. आज मी त्याच शाखेचा मॅनेजर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती, आणि टेबलामागं बसून कुणी पगार कमावला नव्हता.