मामांची देण्याची विभक्ती

देवाधर्मापायी घर रिकामं केलेली माणसं मी पाहिली आहेत, पण एका विभक्तीपायी घर रिकामं करणारा माणूस जवळा बाजारात एकच झाला. ते माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते मास्तर होते. निजामाचं राज्य, वरच्या वर्गांत उर्दू, घरात मराठी, आणि मामांना दोन्हींत बोलणी बसायची. म्हणून त्यांनी स्वतःचीच एक भाषा रचली. "हिच्यात कुणी कुणावर साहेबी करणार न्हाई," असं म्हणायचे. ती भाषा ते बैलांशी बोलत, बाभळीशी बोलत, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बसून बोलत आणि गाल कापून घेत. उत्तर तेवढं कुठून येत नसे, आणि त्या उत्तरासाठी ते झुरत. आत्याला गळ घातली तर ती म्हणाली, "एका भाषेत ऐकून घेते, ते काय कमी हाय?"

मग त्यांनी मला धरलं. मी दहा वर्षांची, चौथी शिकलेली, भाजलेल्या शेंगा मिळतात म्हणून बसणारी. पहिल्या तीन विभक्त्या शेंगांवर निभावल्या. चौथी आली, कुणाला काय दिलं ते सांगणारी, आणि घोटाळा झाला. मामांचं म्हणणं, ही विभक्ती तोंडानं येत नाही, हातानं येते. वाक्य म्हणायचं आणि ती वस्तू खरोखर नेऊन द्यायची. घेणाऱ्याचं नाव आधी, वस्तूचं मागून, "पाहुण्याच्या आधी ताट जेवाया बसतं का?" असं विचारायचे. मी परात शेजारणीला दिली. सूप धनगराच्या म्हातारीला दिलं. वरवंटा सुताराच्या घरी गेला आणि आत्या नुसत्या पाट्याकडं बघत बसली.

"काहून घर लुटवून राहिले?" ती ओरडली.

"पोरगी चुकली असती तर परत आणलं असतं," मामा म्हणाले. "बराबर बोलली ना ती!"

शेजारणीनं परात ठेवून घेतली होती, पण देताना मी काय पुटपुटले ते तिच्या डोक्यातून जाईना. तिची म्हैस आटली आणि गावाला कारण सापडलं: मास्तर भानामती करून राहिला, भांड्यावर मंत्र घालून घरोघर धाडतो. एका सकाळी सगळ्या वस्तू कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून दारात आल्या. आत्याला वरवंटा मिळाल्याचा आनंद झाला. मामांच्या वर्गातली पोरं मात्र बापांनी काढून घेतली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "तू तरी बोलशील ना माझ्याशी?" त्यांनी मला विचारलं. मी शेंग फोडत "व्हय" म्हणाले.

पुढं लग्न होऊन मी हट्ट्याला आले. भानामतीची गोष्ट माझ्याआधी सासरी पोचली होती. मामाच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला तर माहेरी धाडीन, असं सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं. पोलीस ॲक्शन होऊन महिना झाला असेल, तेव्हा मामा उन्हातून चालत आले. पार वाळले होते. ओसरीवर टेकले. सासू समोर डाळ निवडत होती. मामा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "ओइम सुला."

म्हणजे, मला पाणी दे. मला लख्ख कळलं.

"काय म्हणून राहिले गं ते?" सासूनं विचारलं.

"मला काय ठाव," मी म्हणाले.

मग मामा सासूला म्हणाले, "पाणी मिळंल का, बाई?"

मी तांब्या आणून दिला. त्यांनी पाणी पिऊन घेतलं, धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं आणि उठले. जेवायला थांबले नाहीत. दिवाळीच्या आत वारले.

मी केलं ते चूक, असं मी आजही म्हणणार नाही. सासूनं मला नांदवलं नसतं. पण त्यांनी मराठीत पाणी मागितलं, तो आवाज अनोळखी दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा होता.